हेल्मेटला हेल्मेट

दिंडोशीहून मुलुंडला सकाळी पंचेचाळीस मिनिटं लागतात. माझी बायको तिथल्या रुग्णालयात नर्स आहे. तिची पाळी सातची. मी वर्तमानपत्रात दुपारनंतरचा. घरी परततो तेव्हा ती झोपलेली असते. त्यामुळे मोटरसायकलवरची पंचेचाळीस मिनिटं एवढाच आमचा एकत्र दिवस. बोलणं फारसं नसे. पवई तलावावर धुकं असलं की रस्ता पाण्यावरूनच चाललाय असं वाटे आणि डुलकी लागून तिचा हात माझ्या खांद्यावर हळूहळू जड होई. मग पुढची रिक्षा थांबे, मी ब्रेक दाबत असे, गाडीचं नाक खाली जाई आणि तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटे. टक.

तिची मान दुखू लागली तेव्हा डॉक्टरांनी हे धक्के थांबेपर्यंत गाडीवर बसायला मनाई केली. तिने बसचा महिन्याचा पास काढला. मी तेवढीच मुदत मागितली. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे आणि ब्रेक लावताच दबणारे दोन दांडे, सुधारला नाही, तर गाडी विकायची.

"माझी मान आणि तुझा फोर्क," ती म्हणाली, "दोघांचीही वाट लागलीय. बघ काय जमतंय ते."

कुर्ल्यातल्या मालवणी मेकॅनिकने तीन मार्ग सांगितले. फोर्कमध्ये जाड ऑइल भरायचं. किंवा आतल्या स्प्रिंगा बदलायच्या. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला मऊ असतात, दबतील तशा कडक होत जातात. किंवा मोठ्या गाडीचा उलटा, जाड नळी वर असलेला फोर्क अख्खा बसवायचा. तो दिसायला झकास होता, पण त्याच्यासाठी चाक आणि ब्रेकही बदलावे लागणार होते. मी तो वगळला.

आधी जाड ऑइल भरलं. पुढचे दोन रविवार त्याच रस्त्याने एकटा फिरलो. मेट्रोच्या खांबांखालचे खड्डे तेच होते, तलावही तोच. नाक आता सावकाश खाली जात होतं. मागची सीट रिकामी होती, त्यामुळे रस्ता दुसऱ्याच शहरातला वाटला. वहीत लिहिलं : ऑइल पुरेसं.

मेकॅनिकने वही पाहिली. "एकटोच फिरलंस? वहिनी खंय होती?"

"घरी."

"मान तिची, आणि परीक्षा तू दितंस?"

ज्याच्याविषयी बातमी, त्याला विचारल्याशिवाय मी वीस वर्षांत एक ओळ छापलेली नाही. इथे मात्र विसरलो.

पुढच्या रविवारी ती आली. मेकॅनिकने फोर्कच्या चकचकीत नळीवर प्लॅस्टिकची पट्टी आवळली; फोर्क जितका दबेल तितकी ती वर सरकणार. मी एकट्याने ब्रेक मारला तेव्हा वर चार बोटं जागा उरली. बायको मागे बसल्यावर काहीच उरली नाही; फोर्क पुरता दबला होता.

"आणि खड्डा सरळ मानेत येतोय," ती म्हणाली. "आधी असं नव्हतं रे."

जाड ऑइलने फोर्क ताठर झाला होता. दुपारपर्यंत स्प्रिंगा बदलल्या, ऑइल पुन्हा पातळ भरलं. आम्ही तिथूनच पवईकडे निघालो. ऊन पाण्यावर पसरलं होतं. पुढे रिक्षा थांबली, मी ब्रेक दाबला. नाक थोडंसं झुकून थांबलं. मी आवाजाची वाट पाहिली. आला नाही. खांद्यावरचा हात जड होत गेला.

तलावाकाठी ती उतरली. हेल्मेट काढून मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, मग पुन्हा डावीकडे.

"पास उद्या संपतोय," ती म्हणाली. "परवा सहाला गाडी खाली काढून ठेव."