लिंबाजी कंडक्टरच्या लातूरच्या फेऱ्या

लिंबाजी कंडक्टरनं उतारवयात लातूरला दुसरं घर केलं, अशी आवई चाकूरच्या आमच्या गल्लीत उठली. दर सोमवारी आणि गुरुवारी माणूस इस्त्रीचा सदरा घालून लातूरची गाडी धरतो आणि तिन्हीसांजेला झोकांड्या खात परततो, म्हटल्यावर आणखी काय सांगायला लागतंय? मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की दर खेपेला त्याचा दंड धरून सरजाबाई, म्हणजे त्याची लग्नाचीच बायको, सोबत असते. बायकोला डबा घेऊन दुसऱ्या घरी नेणारा गडी काही गल्लीच्या पाहण्यात नव्हता. आवई तिथंच विरली.

खरी गोष्ट वेगळीच. लिंबाजीला नैराश्याचा आजार होता. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, डोस वाढवले, पण मन जागचं हललं नाही. ताट पुढ्यात तसंच राहायचं आणि बोलणं हाव-न्हाईपुरतं. सरजाबाईनं न्हाणीघराची आतली कडीच काढून टाकली होती. का, ते त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

नांदेडची भाची रेणुका म्हणाली, गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर नाकात मारायचा फवारा निघालाय, मामाला दाखवा. फवारा म्हटल्यावर लिंबाजीच्या डोळ्यांपुढं कपाशीवर मारायचा पाठीवरचा पंपच उभा राहिला. त्यात संशय त्याच्या रक्तातला. मिसरूड फुटलेल्या पोरासाठी अर्धं तिकीट मागणाऱ्या आया पाहण्यात त्याची नोकरी गेली होती.

आधी नांदेड झालं. तिथल्या एका औषधवाल्यानं काही न विचारता बाटली हातात दिली आणि सकाळ-संध्याकाळ घरीच ओढा म्हणाला. लिंबाजीनं बाटली उजेडाला धरून वाचली. चोंदलेल्या नाकाचं औषध! तशीच टेबलावर ठेवून तो उठला.

मग लातूर. मानसोपचाराच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसून त्यानं आधी टेहळणी केली. एक पोरगा ताठ आत गेला आणि बऱ्याच वेळानं भावाच्या खांद्यावर हात टाकून, जड डोळ्यांनी बाहेर आला. लिंबाजी बायकोच्या कानाशी लागला, की हा नाकातून पाजायचा गुत्ता हाय, चल. सरजाबाई हलली नाही. तुम्ही जा, मी विचारूनच येते, म्हणाली. मग त्यालाही आत जावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी जुन्या चिठ्ठ्या पाहिल्या, बीपी मोजला आणि बजावलं: फवारा इथंच, आमच्यासमोर घ्यायचा, डोकं गरगरेल, अंगातून बाहेर तरंगल्यागत वाटेल, दोन तास सोडणार नाही, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, गोळ्याही चालूच राहतील. आणि गुण येईलच असं नाही. लिंबाजीचा संशय दुप्पट झाला. माल हातात देत न्हाईत, खात्रीही देत न्हाईत, मग हा धंदा तरी कसला?

तेवढ्यात बाईंनी साध्या आवाजात विचारलं, "काका, मरून जावं असं वाटतं का?"

सरजाबाई फरशीकडं पाहू लागली. खोटा पास निरखावा तसा लिंबाजीनं बाईंचा चेहरा निरखला. कुठं काही सापडलं नाही.

"हाव," तो म्हणाला. "रोज."

आणि फेऱ्या सुरू झाल्या.

महिनाभरानं एके दुपारी त्यानं भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार केली. पंचपक्वान्नांची तारीफ व्हावी तशी सरजाबाई ती तक्रार घरोघर सांगत सुटली. आजार गेला असं नव्हे. काही दिवस अजूनही तो भिंतीकडंच तोंड करून असतो. पण चहाला मात्र वीरण्णाच्या हॉटेलात येऊ लागला.

वीरण्णाची जीभ कुठली गप्प बसायला? भरल्या हॉटेलात तो म्हणाला, की पूर्वी कंडक्टरसाहेब झिंगलेल्यांना गाडीतून उतरवायचे, आता स्वतःच नाकानं झिंगून सीटवर लवंडतात.

लिंबाजीनं बशी खाली ठेवली.

"वीरण्णा, मी नाकात घेतो तर डॉक्टरीण मला दोन तास समोर बसवून ठेवते, उठू देत न्हाई. तू रोज गल्लीच्या कानात आवया घालायलास, त्या गल्लीला कोण बसवून ठेवतंय?"