खोटं वजन सांगून घेतलेली गाडी

पहिली मोटरसायकल घेताना मी दुकानात माझं वजन खोटं सांगितलं. सगळं तिथंच बिनसलं.

आमचे आण्णा सांगलीच्या बाजारात हळदीची पोती तोलायचे. पोतं काट्यावर चढलं की वजन खणखणीत आवाजात सांगायचं, शेतकऱ्यालाही ऐकू गेलं पाहिजे अन् व्यापाऱ्यालाही. उभा जन्म त्यांनी हेच केलं. मला साताऱ्याला नोकरी लागली, गाडी घ्यायचं ठरलं, तर म्हणाले, "दोघं बी काट्यावर हुबं ऱ्हाऊ. नेमकं वजन सांगितलं की दुकानदार बरूबर गाडी दील."

आम्ही बापलेक दोघेही धिप्पाड. बाजारातले हमाल आधीच मला 'दोन पोती' म्हणून चिडवायचे. त्यांच्यासमोर काट्यावर चढायचं? "आवं आण्णा, मी काय हळद हाय व्हय?" असं म्हणून मी उडवून लावलं. आण्णा एकटेच चढले, स्वतःचं वजन मोठ्यानं सांगितलं आणि उतरले.

त्यांना गाडीची हौस एकाच गोष्टीसाठी होती. महाबळेश्वरजवळ स्ट्रॉबेरीच्या मळ्यात त्यांची थोरली बहीण राहायची. 'पोराच्या गाडीवर मागं बसून तुझ्या दारात येतो,' असं त्यांनी तिला पत्रानं कळवूनही टाकलं होतं.

दुकानदारानं विचारलं, "वजन किती?" म्हटलं, "असेल ऐंशी-पंच्याऐंशी." होतो एकशे पंधरा! आण्णांनी माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना कोपऱ्यातली साडेतीनशे सीसीची दणकट गाडी आवडली होती. पण ऑफिसात सगळ्यांकडं शंभर सीसीची, जेवणाच्या सुट्टीत डब्यातल्या भाजीपेक्षा गाडीच्या अॅव्हरेजचीच चर्चा जास्त. मोठी घेतली तर म्हणतील, जाड्याला रणगाडाच लागतो. शंभर सीसीच्या हँडलला माझे गुडघे टेकत होते, तरी मी म्हणालो, "मस्त बसतीय." शहाणाच की नाही!

पुढच्या रविवारी आण्णा साताऱ्याला आले आणि तिथून आम्ही निघालो. आण्णांनी इस्त्रीचं धोतर, नवी टोपी घातली होती. मेढ्यापर्यंत ठीक गेलो. केळघरचा घाट लागला आणि गाडी रडायला लागली. पहिल्या गिअरमध्येही चढेना. मागचं चाक मडगार्डला घासायला लागलं, जळका वास सुटला. आण्णा गपकन उतरले. "तू हो फुडं, मी येतो चालत," म्हणाले आणि भर उन्हात ती नवी टोपी सारखी करत चढायला लागले. दोन वळणं ते तसेच चालले. मग मागून एसटी आली, तिला त्यांनी हात केला.

आत्या दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती. शेजारच्या बायकाही जमल्या होत्या. मी गाडीवर एकटा, आणि मागनं आण्णा स्टँडवरून चालत आलेले.

"आरं, मागं बसून येनार हुतास न्हवं?" आत्यानं विचारलं.

मी खाली वाकून मडगार्ड चाचपायला लागलो.

"लय भ्या वाटलं गं," आण्णा म्हणाले. "घाटात डोळं फिरलं. मीच म्हनलं, येष्टीनं येतो."

"एवढा दांडगा गडी आन भित्रा!" आत्या हसून हसून बेजार झाली. बायका हसल्या, आण्णाही हसले.

पुढं दरेक लग्नात, बारशात आत्या हा किस्सा सांगायची. जन्मात कुणाचं खोटं वजन न सांगितलेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलून भित्रा ठरला, आणि मी शेजारीच बसून बुंदी खात होतो. एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं. नाही बोललो. आजही माझीच मला लाज वाटते.

चार वर्षांनी मोठी गाडी घेतली. या खेपेला वजन विचारायच्या आधीच मोठ्यानं सांगितलं, एकशे अठरा. तशीच सांगलीला नेली. "चला आण्णा, आत्याकडं जाऊन येऊ."

आण्णांनी मागच्या रुंद सीटवरून हात फिरवला, दाबून बघितली.

"झ्याक हाय," म्हणाले. "पर नगं रं. आता बसून गेलो तर म्हातारी इचारंल, आता भ्या न्हाई वाटलं व्हय? मग तवा खोटं का बोललास?"

मग टोपी घातली आणि बाजाराला चालत गेले.