सीट आणि सुपारीची डबी

गाडी माझी होती. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून, माझ्या पगारातून घेतलेली. सेकंडहँड, पण बटणावर सरकणाऱ्या सीटची. माझी उंची बेताची, म्हणून ती सीट बघूनच मी गाडी पसंत केली होती.

थोरले दीर मित्रांना घेऊन पन्हाळ्याला जाऊन आले. गाडी परत आली तेव्हा ड्रायव्हरची सीट पार मागे जाऊन बसली होती. बटण दाबलं तर काही हलेना. पाठीला उशी लावूनही माझा पाय क्लचवर नीट पोचेना.

"तूच कायतरी दाबलं असशील," दीर म्हणाले आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली. "नीट होईस्तोवर माझ्याकडं राहू दे. तुझं पायच पोचत न्हाईत."

नीट करायचं नाव त्यांनी काढलं नाही. गाडी त्यांच्या दारात आणि मी बसस्टॉपवर. बारसं असो, साखरपुडा असो, चार माणसं जमली की ते माझ्या पायांची गोष्ट रंगवून सांगायचे. माणसं हसायची. नवरा म्हणायचा, "जाऊ दे की, थोरला हाय." मी जाऊ दिलं नाही. बसमध्ये दांडा धरून उभी असताना, या माणसाला चारचौघांत खाली मान घालायला कशी लावायची, याखेरीज दुसरा विचार मनात येत नसे.

एका रविवारी ते मित्राच्या गाडीतून लग्नाला गेले होते. मी जाऊबाईंकडे चावी मागितली. त्यांनी काही न विचारता दिली आणि टॉर्च घेऊन मागोमाग आल्या.

आधी सीटचा फ्यूज काढून पाहिला. तार जळालेली. नवा घालून बटण दाबलं, तर सीट जराशी कण्हली आणि तोही गेला. म्हणजे वीज पोचत होती, मोटरही चालू होती, पण तिला कुठंतरी अडत होतं. मी अंगणातच आडवी होऊन सीटखाली डोकं घातलं. सीट ज्या लोखंडी पट्टीवर सरकते, तिच्यात एक स्टीलची डबी चेपून बसली होती.

"ही तर ह्यांची सुपारीची," जाऊबाई म्हणाल्या. "हिच्यापायी घर डोक्यावर घेतलंतं."

पकडीनं डबी ओढून काढली. पुन्हा नवा फ्यूज घातला आणि सीट सुरळीत पुढे आली. मी ती स्टिअरिंगला भिडेपर्यंत पुढे आणली. मग फ्यूज काढून डबीसोबत पर्समध्ये टाकला.

"भावजींना सांगू नका," मी चावी परत देत म्हटलं.

"मला कुठं काय म्हाईत हाय?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांना दोन पाहुण्यांना घेऊन बिद्रीला कारखान्यावर जायचं होतं. मी मुद्दाम आधीच जाऊन उभी राहिले. त्यांनी दार उघडलं, एक पाय आत घातला आणि पोट स्टिअरिंगला अडलं. बटण दाबून बघितलं. पाहुणे बघत होते.

"काय केलीस सीटला?"

"तुम्हीच कायतरी दाबलं असंल, भावजी. तुमचं पोटच मावत न्हाई."

एक पाहुणा फसकन हसला. दिरांचे कान लाल झाले. मी हात पुढे केला, त्यांनी चावी दिली. सगळ्यांसमोर फ्यूज बसवला, सीट माझ्या मापाला घेतली आणि डबी त्यांच्या हातात ठेवली.

"पट्टीत अडकली होती. पन्हाळ्याला जाताना पडली असंल."

डबी खिशात टाकून ते मागच्या सीटवर एका पाहुण्याशेजारी बसून बिद्रीपर्यंत आले. मी आरशातून त्यांच्याकडे बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं. कारखान्याच्या फाटकाशी उतरताना त्यांनी हळूच विचारलं, "परत न्यायला येशील न्हवं?"

"मला कॉलेज हाय," म्हटलं आणि गाडी वळवली.

मी पाहुण्यांदेखत त्यांचा अपमान केला, असं ते अजून भावकीत सांगत असतात. मला कुणी विचारलं तर मी हो म्हणते.