वायरलेसवाले हनुमंतअण्णा

हनुमंतअण्णा बोलता बोलता मध्येच गप्प होत. शब्द अर्धवट सोडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसत, आणि दोन-तीन मिनिटांनी त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. सुरुवातीला मला वाटलं, वय झालं, विसरत असतील. पुढे निराळीच शंका येऊ लागली. हा माणूस थांबून पुढची थाप जुळवत तर नसेल?

मी मूळची पुण्याची, नोकरीपायी बंगळुरात आलेली. समुद्र नसलेल्या या शहरात बसून मी मराठ्यांच्या आरमारावर कादंबरी लिहीत होते. इंदिरानगरात एका मैत्रिणीच्या घरी आम्ही दहा-बारा मराठी वाचक जमत असू. तिथे मी लढाईचं एक प्रकरण वाचून दाखवलं. ते एका सरदाराच्या पत्रावर आधारलेलं होतं. वाचून झाल्यावर मागच्या खुर्चीवरून सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "हे पत्र लिवणाऱ्याचे हात ओले होते का कोरडे?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी शांतपणे समजावलं, "बुडताना कोण लिवत नाही अक्का. किनाऱ्याला येऊन, हात पुसून लिवतात. तोवर काय लिवायचं ते ठरलेलं असतं."

हे हनुमंतअण्णा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरातलं. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड मुरलेलं. शिवाजीनगरात बसस्टँडच्या मागे त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुरुस्तीला कोणी येत नसे, तरी ते रोज सकाळी जाऊन बसत. तरुणपणी मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑफिसर होतो, असं त्यांनी सांगितलं, आणि दर शनिवारी मी त्या दुकानात जाऊ लागले.

ते भरभरून सांगत. वादळात खुर्ची साखळीने जमिनीला कशी बांधतात, मोर्सच्या नुसत्या टकटकीवरून पाठवणारा माणूस कसा ओळखू येतो. पण जहाजाचं नाव विचारलं की म्हणत, "स्वल्प थांबा, सांगतो," आणि सांगत नसत. नोकरी का सोडली, याचं कारण एकदा वडिलांचं आजारपण होतं, एकदा स्वतःच्या कानाचं दुखणं. दुकानात एक फोटो नाही, एक कागद नाही. समुद्राच्या वर्णनांसाठी त्यांच्यावर विसंबून मी चार प्रकरणं लिहून बसले होते, आणि आता रात्रंदिवस वाटू लागलं की आपण फसलोय.

मी त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून मोबाइलवर मोर्समधला मजकूर तयार करून घेतला आणि सहज म्हणून त्यांच्यापुढे वाजवला. अण्णांनी पाठीमागचा कागद ओढला आणि न थांबता सगळा मजकूर लिहून माझ्या हातात दिला. "मशीननं पाठवलंय," ते म्हणाले. "माणसाचा हात इतका सरळ चालत नाही. आणि अक्का, संशय होता तर तोंडावर विचारायचं होतं."

मला शरम वाटली, पण मग विचारूनच टाकलं. जहाज का सोडलंत?

तेवढ्यात घड्याळात पावणेबारा झाले. ते गप्प बसले. तीन मिनिटं गेल्यावर त्यांनी आधी त्या गप्प बसण्याचंच कारण सांगितलं. त्या काळी दर तासाला दोनदा, सव्वाला आणि पावणेला, जगभरातले वायरलेसवाले तीन मिनिटं संदेश पाठवणं बंद ठेवून फक्त ऐकत. कुठे कोणी बुडत असेल, तर त्याचा क्षीण संदेशही ऐकू यावा म्हणून. अशाच एका दुपारी त्यांना तो ऐकू आला होता. एका छोट्या मालवाहू जहाजात पाणी शिरलं होतं. नाव, ठिकाण, सगळं त्यांनी नीट उतरवून घेतलं आणि कप्तानाकडे नेलं. तिथवर जायचं तर पाच तास मागे वळावं लागणार होतं. त्यांच्या स्वतःच्या जहाजाला आधीच उशीर झाला होता. जवळचं दुसरं कोणी जाईल, असं कप्तान म्हणाला. नोंदवहीत लिही, संदेश अस्पष्ट, ठिकाण कळलं नाही.

"लिवलं मी," अण्णा म्हणाले. "कोरड्या हातानं. खाली सही केली. मग तो संदेश बंद पडेपर्यंत ऐकत बसलो."

पुढच्याच बंदरात त्यांनी नोकरी सोडली. त्या माणसांचं काय झालं, ते त्यांनी कधीच शोधलं नव्हतं. त्या बुडत्या जहाजाचं नाव आणि तारीख मात्र त्यांना पाठ होती. ती घेऊन मी शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांचे गठ्ठे चाळू लागले. पाचव्या दिवशी आतल्या पानावर बोटभर बातमी सापडली. जहाज बुडालं होतं, पण होडीत उतरलेल्या एकोणीस खलाशांना दुसऱ्या एका जहाजाने वाचवून बंदरात आणलं होतं.

बातमीची झेरॉक्स घेऊन मी जवळजवळ पळतच दुकान गाठलं. अण्णांनी कागद उजेडात धरला, उलटून पाहिला आणि खाली ठेवला. "तुम्ही कादंबरी लिवता," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढं लिवणं तुम्हाला जड नाही."

मी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षात घालून ग्रंथालयात नेलं. त्यांनी मूळ अंक मागितला. कागद बोटांनी चाचपला, मागचीपुढची पानं, जाहिरातीसुद्धा वाचल्या. मग ती बोटभर बातमी तीनदा वाचली. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटला माणूस एकदाचा.

"एकोणीस," ते हळूच म्हणाले. "संदेशात एकवीस होते."

मी म्हटलं, आकडा ऐकताना चुकला असेल. त्यांनी मान हलवली. त्यांनी चुकीचं कधी ऐकलं नव्हतं, फक्त लिहिलं होतं. मग ते मला म्हणाले, "सरी, असू दे अक्का. जमलं तर त्या दोघांना बघा."

मी खूप शोधलं. दुसरी वर्तमानपत्रं पाहिली, बंदरांना पत्रं पाठवली. ते दोघं कुठेच नव्हते. गेल्या वर्षी हनुमंतअण्णा झोपेतच गेले. मी बनशंकरी भागातल्या त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी रुक्माक्का म्हणाल्या की ग्रंथालयातून आल्यापासून ते बरेच निवांत झाले होते, तरी अधूनमधून माझा फोन आला का, असं विचारत.

कादंबरी पुरी झाली. पण एक गोष्ट मनातून जात नाही. त्या दिवशी ती बातमी वाचेपर्यंत, इतक्या शनिवारांत, एकवीस हा आकडा त्यांनी मला एकदाही सांगितला नव्हता. कदाचित मी विचारलाच नसेल. पण कधी कधी शंका येते, की सगळे वाचले असं मानायचं धाडस न झाल्याने अण्णांनी त्याच क्षणी तो आकडा रचून ते दोघं स्वतःसाठी मागे ठेवून घेतले असतील.