रिकामे बदाम
काल नव्या फ्लॅटवर दूध तापत ठेवून विसरलो आणि त्या करपल्या वासानं मला थेट गावाकडं, वाशीजवळच्या आमच्या खव्याच्या भट्टीवर नेलं. दुपारी पत्र्याखाली धूर कोंडलेला, थोरली बहीण कढईत उलथनं फिरवतेय आणि मी पोत्यावर लॅपटॉप मांडून बसलोय. ठोकळ्यांचं जग बांधायच्या एका गेमसाठी मी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली होती. खेळाडूची लेव्हल वाढली, की त्याचा जीव दाखवणारे लाल बदामही वाढावेत, एवढंच तिचं काम. लेव्हल वाढली, बदामही वाढले, पण नवे सगळे रिकामेच. मी वैतागलो. बहिणीनं वाकून पडद्याकडं बघितलं. "कढई थोरली केलीस, पर दूध कुणी वतायचं?" मी जीवाची मर्यादा तेवढी वाढवली होती, जीव भरायचाच राहिला होता. एक ओळ घातली आणि सगळे बदाम लालभडक झाले. आम्ही दोघं बघतच राहिलो, तोवर कढईत खवा लागला. "ध्यान कुठं हाय रं तुमचं?" वडील बाहेरनं ओरडले, तरी आमचं हसू थांबेना. आता वडील नाहीत, भट्टी बंद आहे, बहीण लांब तिच्या संसारात. काल करपलेलं पातेलं तसंच ठेवून मी तिला फोन लावला. म्हटलं, "अक्का, घर थोरलं घेतलंय. ये की."