मी बनवलेलं पॅनल

परवा अभ्यासिकेवरून जाऊन राह्यलो होतो. भर दुपार, खिडकी उघडी. आतून एका बाईचा आवाज आला, "अच्छाऽऽ... म्हणजे तुला असं वाटतं?" मी गाडीचा ब्रेक दाबला. त्या बाईले मी ओळखतो. ओळखतो काय, मीच जन्माले घातली तिले. वाकून पाह्यलं तं टेबलामागं एक पोट्टा बाईचा आवाज काढत नाकावरून चष्मा खाली ओढायचं नाटक करत होता, अन समोर एक पोरगी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. तो मले ओळखत नव्हता. माही नक्कल त्यानं कधी पाह्यलीही नसंन. कोणाचं तरी पाहून उचललं असंन, अन त्यानं आणखी कोणाचं पाहून. मी बंद केलं त्याले तीन वर्षं झाली. बाई काही बंद झाली नाही.

मले लहानपणापासून आवाज चिकटतात. शाळेत असताना एकदा हेडसरांच्या आवाजात माईकवरून "आज शाळा लवकर सुटेल" म्हटलं, तं शिपाईमामानं खरंच घंटा दिली अन अर्धी शाळा बाहेर. पुढं मार पडला तो वेगळा. चिखलीच्या स्टँडवर नुसतं "मेहकर मेहकर मेहकर, चला बसून घ्याऽ" म्हटलं की दोन तरी म्हाताऱ्या पिशव्या उचलून उभ्या राहायच्या. घरचे म्हणत, याचं काही खरं नाही. मले वाटे, याच्यातच माहं सगळं आहे.

बारावी झाल्यावर मी पुण्याच्या एका कॉलेजचा फॉर्म भरला. तिथं ढिगानं फॉर्म जातात अन एका वर्गात मावतील एवढीच पोरं घेतात. आधी परीक्षा, मग निबंध, मग मुलाखत. आमच्या ओळखीतलं कोणी तिथवर गेलं नव्हतं, मी मुलाखतीपर्यंत गेलो. समोर तिघं होते, एक बाई अन दोन सर. तिघंही चांगले होते. पाणी दिलं, घाई नाही म्हणाले, मराठीत बोललास तरी चालेल म्हणाले. अन तरीही मुलाखत बिघडली. बाहेर पडता पडताच मले समजलं होतं.

परतीच्या गाडीत फोनवर फोन. "काय विचारलं बे? कसे होते?" आता चांगले होते म्हणावं, तं पुढचा प्रश्न ठरलेला, मग बिघडलं कसं? मग सांगता सांगता मी बाईले चष्मा लावला. जालना येईपर्यंत एका सराच्या हातात टिकटिक करणारा पेन दिला. देऊळगाव राजा गेलं तसा तिसरा सर काहीच बोलेनासा झाला, नुसता "हंऽ" करायचा. चिखलीत उतरलो तेव्हा माह्याजवळ अख्खं पॅनल तयार होतं, असं की त्याच्यासमोर कोणाचाही निभाव लागला नसता. पोट्टे हसून हसून लोळले. यादीत नाव आलं नाही तेव्हाही कोणी काही म्हटलं नाही. उलट म्हणाले, "अबे, अशा लोकांसमोर तू बसला हेच लय झालं."

अभ्यासिका चालवणारे सर म्हणजे रिटायर मास्तर. ते म्हणाले, "तू जाऊन आलास, आता दर रविवारी पोरांची तयारी घे." मी चिखलीच्याच कॉलेजात बीएले होतो, रविवार रिकामाच. मागच्या खोलीत टेबल टाकलं अन एका तोंडातून तिघं बोलायले लागलो. मुलाखत झाली की पोरं विचारायची, "चान्स किती?" त्याचं माप मी एसटीवरून काढलं होतं. एकदम पक्कं असंन तं 'खिडकी'. जरा धाकधूक असंन तं 'रुमाल', म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून ठेवला आहे, कोणी उचलून फेकला नाही तं जागा आपली. मग 'उभं'. अन अगदीच गेलेल्याले, 'पुढच्या गाडीनं या'. मेहकरहून, नांदुऱ्याहून पोरं यायची, नुसतं आपल्याले काय भेटतं ते ऐकायले.

पुढच्या वर्षी आमच्याच तालुक्यातल्या उंद्रीची एक पोरगी आली. बाप मोटारसायकलवर घेऊन आला अन बाहेरच्या ओट्यावर बसून राह्यला. तिले त्याच कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. नसतं झालं तं नांदुऱ्याले आत्याकडं राहून नर्सिंग करायचं, आत्यानं सगळं पक्कं करून ठेवलं होतं.

"नर्सिंग वाईट आहे काय?" मी विचारलं.

"वाईट नाही. पण ते आत्यानं ठरवलं. हे मी ठरवलं."

तिच्या हातात एक जाड वही होती. विहिरींची वही. उंद्रीच्या शिवारातल्या एकवीस विहिरी ती नववीपासून मोजत होती. दर पंधरा दिवसांनी दोरीले दगड बांधून आत सोडायचा, पाणी किती खाली गेलं ते लिहायचं. कोणी सांगितलं नव्हतं. निबंध त्याच्यावरच लिहिला होता, अन बोलावणं त्याच्याच जिवावर आलं होतं हे आंधळ्यालेही समजलं असतं. मलेही समजलं. पण खोलीत आठ-दहा पोट्टे बसले होते, अन त्यांचे डोळे माह्या तोंडाकडं लागले होते.

मी चष्मा खाली ओढला. "अच्छाऽऽ... दोरीला दगड. छान हं. म्हणजे इथे येऊनही तू दगडच बांधणार? अगं, इथली मुलं कुठून कुठून शिकून येतात. तू मागे पडलीस की आम्हीच तुला सांभाळत बसायचं का?"

पोट्टे फुटले. मी लगेच पेन टिकटिकवला, "उत्तर द्या, वेळ जातोय." मग तिसऱ्याचा "हंऽ".

ती हसली नाही. वहीचं शेवटचं पान उघडलं अन प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला.

"दादा, ते खरंच असं विचारतात?"

"हे तं काहीच नाही. सुरुवातीले गोड बोलतात. घाई नाही म्हणतात, तुझ्याबद्दल सांग म्हणतात. पोरगं सैल झालं की मग धरतात. गोड बोलल्या की समजायचं, फास आहे."

माह्या पॅनलमध्ये एवढंच खरं होतं, की ते गोड बोलतात.

निघताना तिच्या बापानं विचारलं, "कसं आहे हो? चान्स किती?"

"रुमाल टाकून ठेवला आहे, काका."

"रुमाल टाकला की भेटते ना जागा?"

"भेटते. कोणी फेकला नाही तं."

तो हसला. त्याले ते लय आवडलं. पुढचे चारही रविवार तो आला की दुरूनच ओरडायचा, "रुमाल आहे ना हो जाग्यावर?" अन पोरगी आत येऊन म्हणायची, "दादा, तोच प्रश्न विचारा." मी विचारायचो. ती उत्तर द्यायची. पहिल्यांदा अडखळली, मग जमलं, मग असं पाठ झालं की प्रश्न संपायच्या आत उत्तर यायचं. एकदा मास्तर दारातून म्हणाले, "अरे, जरा जास्तच होऊन राह्यलं." मी म्हटलं, "सर, पैलवान तयार करून राह्यलो." तेही हसले. वहीबद्दल मी तिले एकदाही काही विचारलं नाही. त्याच्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

त्या वर्षी मुलाखत ऑनलाइन होती. उंद्रीत तिच्या घरी नेट टिकत नव्हतं, म्हणून अभ्यासिकेच्या मागच्या खोलीतच लॅपटॉप लावला. पंखा बंद केला, आवाज नको म्हणून. नेट गेलं तं माह्या मोबाइलवरून जोडायचं, म्हणून मी दाराशी खुर्ची टाकून बसलो. स्क्रीन मले दिसत नव्हती. ती दिसत होती.

अन बाईचा आवाज आला.

तोच. माह्या वेळच्याच बाई. वर्षभर मी त्यांच्या नावानं जो आवाज काढत होतो त्याच्याशी त्याचा काडीचाही मेळ नव्हता. थोडा बसका, सर्दी झाल्यासारखा.

"घाई नाही हं. मराठीत बोल, तुला जसं येतं तसं बोल. तुझा निबंध आम्ही सगळ्यांनी वाचला. ती विहिरींची वही आहे का तुझ्याजवळ? ती कशी सुरू झाली, ते सांग ना."

पोरीचे खांदे वर आले. मी पाह्यलं. वही मांडीवरच होती, तिनं ती बंद केली अन वर दोन्ही हात ठेवले.

"मी मागे पडणार नाही," ती म्हणाली. "मी जास्तीचा अभ्यास करीन. इंग्रजी शिकीन. मला कुणाला सांभाळावं लागणार नाही. मी कुणाला त्रास देणार नाही."

बंद पंख्यावर चिमणी बसली होती, तिचं फडफडणं ऐकू आलं.

"अगं," बाई हळूच म्हणाल्या, "असं कोण म्हणालं तुला?"

तिनं स्क्रीनवरून नजर काढली अन माह्याकडं पाह्यलं. रागानं नाही. पाठ केलेलं बरोबर म्हटलं की नाही, असं लेकरू मास्तरकडं पाहतं, तसं. मी मोबाइलकडं पाहायले लागलो. नेटच्या चारही काड्या होत्या.

"कोणी नाही," ती म्हणाली.

मले तेव्हा उठता आलं असतं. टेबलापाशी जाऊन म्हणता आलं असतं, बाई, मी म्हणालो. मी नाही उठलो. त्यांनी आणखी दोन-तीनदा विचारलं, वेगवेगळ्या बाजूनं, एका सरांनी तं पाऊस-पाण्याच्या गप्पा काढल्या. जितकं गोड बोलत गेले तितकी ती आवळत गेली. वही उघडलीच नाही.

बाहेर बाप उभा. पोरगी चप्पल घालत होती. "कसं झालं हो?"

माह्या तोंडातून निघालं, "खिडकी, काका."

त्यानं दोन्ही हातांनी माहा हात धरला.

यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. वेटिंगमध्येही नव्हतं. संध्याकाळी तिच्या बापाचा फोन आला. "तुम्ही तं खिडकी म्हणाले होते ना?" चिडून नाही. एखादा रस्ता विचारावा तसं. मी म्हटलं, "बघतो काका." काय बघणार होतो?

आठ दिवसांनी ती आली, मास्तरांची दोन पुस्तकं परत द्यायले. दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याले जाणार होती. अभ्यासिकेत कोणी नव्हतं. मी म्हटलं, "थांब जरा, सांगायचं आहे." अन सांगितलं. गाडीत चष्मा कसा लावला, पेन कुठं आला, सगळं. ती टेबलाच्या कडेले टेकून ऐकत होती.

"म्हणजे तुमच्या वेळी ते तसे नव्हते?"

"नाही. चांगले होते."

"मग तुमचं काऊन नाही झालं?"

एवढ्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मी असं काही केलंच होतं की कोणी विचारू नये.

"त्यांनी विचारलं, तुला कशाबद्दल कुतूहल आहे? मी हेडसरांची नक्कल करून दाखवली. ते हसले. मग बाईंनी पुन्हा तेच विचारलं. माह्याजवळ काही नव्हतं."

तिनं हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना वहीचं खरंच ऐकायचं होतं?"

"हो."

मले वाटलं रडंल, नाही तं शिव्या देईल. काहीही चाललं असतं. ती माह्यासमोरच्या खुर्चीवर बसली, जिथं दर रविवारी बसायची, तिथंच. मांडीवर हात ठेवले अन सांगायले लागली. नववीच्या उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीत बादलीची दोरी पुरेना, अन बांधापलीकडच्या विहिरीत पाणी वरच होतं. असं काऊन, म्हणून पहिला दगड सोडला. मग लागोपाठ कुठल्या विहिरी मोजल्या, कोणत्या विहिरीवर जाऊ देत नव्हते तिथं कोणत्या वेळी जायची, एकदा दोरी कशी सुटली. सगळ्यात आधी आटते ती उथळ विहीर नाही, म्हणाली, सगळ्यात खोल असते तीच आटते, कारण तिच्यावर भरवसा ठेवून जो तो मोटार लावतो. बोलताना तिचे हात मांडीवरून उठले होते. हवेत दोरी सोडत होते, थांबत होते, ओढत होते. वही तिनं आणलीच नव्हती. सगळे आकडे तोंडपाठ होते.

सांगून झाल्यावर हात पुन्हा खाली ठेवले.

"अजून काही विचारायचं आहे का, दादा?"

मी तिथंच बसलो होतो, पॅनलच्या खुर्चीत. मले एकही प्रश्न सुचला नाही.