मागच्या दाराची कडी

हसणार असाल तर आधी हातातला चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. मी स्वतःला आमच्याच आश्रमात कोंडून घेतलं, आणि तेही तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांसमोर!

शिरूर कासारचा हा आश्रम माझ्या दादाचा. घरचे ऊसतोडीला गेले की मागं राहिलेली म्हातारी माणसं, मनानं आजारी असलेली माणसं, सगळ्यांना तो सांभाळायचा. दसऱ्याच्या आधी दादा गेला. माझी शाळा चौथीतच सुटलेली, पण ठरवलं, आश्रम बंद होऊ द्यायचा नाही म्हणजे नाही!

तेवढ्यात सरकारी आदेश आला. आग लागली तर पळायला मागं दुसरं दार हवं, आणि विझवायला टाकी कायम भरलेली हवी. नाहीतर आश्रमाला टाळं!

"साहेब, पैसे कोण देणार?" मी फोनवर विचारलं.

"त्याचा आदेश अजून आलेला नाही."

आता बोला! इथं दुष्काळात प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघायची, आणि न लागलेल्या आगीसाठी टाकी भरून ठेवायची! मी सहकारी दूध संघाच्या चेअरमनच्या ओट्यावर जाऊन बसलो. उठलोच नाही. शेवटी वैतागून त्यांनी दुधाच्या टँकरमधून पाणी पाठवलं. दार मात्र मीच बसवलं. सुतार कशाला? शेळ्यांच्या वाड्याला काय कमी दारं बसवलीत मी?

साहेब आले. म्हणाले, "आग लागली असं समजा. सगळ्यांना बाहेर काढून दाखवा."

मी अंगणात तुराट्या पेटवल्या, थाळी बडवली. थंडीचे दिवस. शेकायला मिळतंय म्हणून सगळे पुढच्या दारानं धावत सुटले! कुणी राहिलंय का बघायला मी आत शिरलो. तेवढ्यात शेवटी निघालेल्या चंद्राआजीनं बाहेरून कडी घातली. जन्मभर ऊसतोडीला निघताना तिनं घराला अशीच कडी घातलेली.

बिघडलं कुठं? "साहेब, आता मागचं दार बघा!" असं ओरडून मी दार ढकललं. हलेना! शेळ्यांच्या दाराला कडी कुठं असते? बाहेरून! इथंही मी तशीच बसवलेली, वर सकाळी स्वतःच्या हातानं घातलेली.

मी दार बडवायला लागलो. आमच्याकडचे सगळ्यात जुने पेशंट भीमाकाका अंगणातून मागच्या दाराशी आले.

"कोन हाय बे आत?"

"मी! मालक!"

"मालक तर वारला की."

माझा हात दारावर तसाच राहिला. दादा गेल्यापासून इतकं सरळ कुणी बोललंच नव्हतं.

"त्याचा धाकटा हाय, काका." मी नाक ओढत म्हणालो.

"मग रडतो कावून? काढतो की कडी."

दार उघडलं. साहेब हसून हसून डोळे पुसत होते. "माणसं तर सगळी बाहेर आली. कडी आतून बसवा, आश्रम चालू राहू द्या." मग भीमाकाकांकडे वळून म्हणाले, "तोवर या मालकाला एकटं आत सोडू नका."

काकांनी लगेच माझं मनगट धरलं. कडी मी त्याच दुपारी बदलली. मनगट अजून सुटलेलं नाही!